नववीतल्या पोराला शाळा सांभाळून काय काम लावावं? (मदत हवी आहे)

मांजराकाठ:

नमस्कार. वाचते रोज, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही केज तालुक्यातले. ह्यांचा टेम्पो आहे, मी घरी शिवणकाम करते. मोठा नववीत, श्रावणात चौदा पूर्ण झाले. धाकटी सातवीत. मोठ्याला पैसे कमवायचेत. शिक्षणासाठी वगैरे नाही, खोटं कशाला सांगू, स्वतःचा मोबाईल घ्यायचाय. आम्ही घेऊन देणार नाही म्हटल्यावर "मग मी कमवतो" म्हणाला. मला ते मनातून आवडलं.

दिवाळीत त्यानं एका फटाक्याच्या स्टॉलवर बारा दिवस काम केलं. रोजचे तीनशे ठरले होते. भाऊबीज झाल्यावर हिशोब मागितला तर हातावर दोन हजार टेकवले, आणि राहिलेल्या सोळाशेच्या बदल्यात फुलबाज्या अन् भुईचक्रांचे डबे. तुळशीच्या लग्नाला थोडे उडवले, बाकीचे अजून पलंगाखाली पडलेत. लेकरानं वहीत तारीख टाकून रोजचे तास लिहिले होते, सकाळी दहा ते रात्री साडेदहा. ती वही घेऊन हे गेले तर स्टॉलवाला म्हणे, "पोराला धंदा शिकायला मिळाला, ते काय कमी आहे?"

मग दोन रविवार कापूस वेचायला गेला. किलोवर पैसे. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघाली, दुपारपर्यंत कसाबसा अकरा किलो भरला. शेजारच्या सरीतल्या काकूंचा तेवढ्या वेळात तीसच्या वर. तिथंच मन उडालं त्याचं.

आता मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानातून विचारणा आलीय. शाळा सुटल्यावर साडेपाच ते रात्री दहा, महिन्याला अडीच हजार. पोरगं एका पायावर तयार. सासूबाईंचा साफ नकार. त्यांनी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला कोयता धरलेला, दुसऱ्याच्या पैशाला बांधलं गेलं की काय होतं ते त्यांनी अंगावर काढलंय. मित्रांनी टेलिग्रामवर रेटिंग द्यायचं कसलंसं काम पण दाखवलंय, आधी पाचशे भरा म्हणतात.

दुकानात पाठवू का? नाही तर घरच्या घरी काय जमेल?

तूरशेंगा:

ताई, दुकानाच्या वेळेला सरळ नाही म्हणा. बालकामगार कायदा १९८६ चा, २०१६ ला बदलला. चौदा ते अठरा वयाच्या पोरांना दुकानात काम करता येतं, पण संध्याकाळी ७ ते सकाळी ८ नाही. ओव्हरटाईम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, आठवड्याला एक सुट्टी द्यावी लागते. म्हणजे साडेपाच ते दहामधला कायद्यात बसणारा वेळ दीड तास!

आणि फटाके तर मुळातच चालत नाहीत. बनवणं, साठवणं, विकणं, तिन्ही अठराच्या आतल्यांना बंद. तेव्हा त्या सोळाशेसाठी विनवण्या करू नका. वहीचा फोटो दाखवा आणि जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज देतो, एवढंच शांतपणे म्हणा.

सातवा_फेरा:

नववी चालू, पुढं दहावी. शिकू द्या की लेकराला. आमच्या वेळी आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं.

मांजराकाठ:

दादा, संध्याकाळी सहा ते नऊ तो पुस्तक घेऊन बसत असता तर मी धागा काढलाच नसता. पारावर बसून दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकं घालतो.

कॅशकाउंटर_३:

टेलिग्रामचं काम नाही ते. पहिल्या दिवशी दीडशे परत देतील, विश्वास बसला की पाच हजार भरायला लावतील आणि गायब. काम देणारा आपल्याकडून पैसे मागतो तिथं काम नसतं. भरलेच असतील तर लगेच १९३० ला (ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

दुसरं, त्याचं स्वतःचं बचत खातं काढा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं, व्यवहाराची मर्यादा बँक ठरवते. मात्र त्याला बजावून सांगा, "तुझ्या खात्यावर पैसे घेतो, तुला हजार देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठायचं. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच कॉलेजातल्या-शाळेतल्या पोरांची खाती वापरतात, आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

यूट्यूबचं खूळ असेल तर त्याच्या जाहिरातीचे पैसे अठराच्या आत स्वतःच्या नावावर मिळत नाहीत, पालकाचं खातं लागतं. आणि ह्यांचा टेम्पो असू दे नाही तर स्कूटी, "तेवढं पार्सल टाकून ये" म्हणून गाडी हातात देऊ नका. अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५,००० दंड आहे, तुरुंगवास वेगळा.

खुराडं:

घरामागं परडं आहे का? असेल तर कोंबड्या. मी आठवीत असताना आजीच्या एका कोंबडीवर सुरुवात केली.

गावात कुणाची गावरान कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली असेल तर ती मागून आणा, खुडूक कोंबडी लोकांना नकोच असते, अंडी बंद करते ना. डालग्यात भुसा घालून खाली दहा-बारा अंडी ठेवायची. जास्तीची हाव नको, पंखाखाली मावत नाहीत. अंडी कोंबडा असलेल्या घरचीच घ्या, दुकानातली उबत नाहीत (मी दुकानातली बसवून एकवीस दिवस वाट पाहिलीय, घरचे अजून हसतात). एकविसाव्या दिवशी पिल्लं. पिल्लाला पहिल्याच आठवड्यात लासोटा लस द्यायची, नाही तर मानमोडी आली की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. मुंगसापासून जपा. काम सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, शाळा बुडत नाही.

पैसा लगेच दिसणार नाही. कोंबडे विकायला पाच-सहा महिने जातात. पण बाजारच्या दिवशी तो स्वतः भाव करेल, आणि सोळाशेच्या बदल्यात त्याला कुणी फुलबाज्या देणार नाही.

पुढं जमलं तर उस्मानाबादी शेळी. विकत घ्यायला आता परवडत नाही, पण निम्म्या वाट्यानं सांभाळायला देणारे असतात. पाच महिन्यांनी विते, बरेचदा जुळी देते. एक करडू त्यांचं, एक तुमचं. वाटणीचं आधी चार माणसांत बोलून घ्या.

तूरशेंगा:

धाकटीसाठी एक राहिलं. पुढच्या वर्षी आठवीत गेली की एनएमएमएसचा (आठवीतल्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा) फॉर्म शाळेकडून भरून घ्या. झेडपीची किंवा अनुदानित शाळा आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यावर. मोठ्याची वेळ गेली, पण हिची अजून आहे. फॉर्म यायची वाट बघू नका, शाळा उघडल्याबरोबर सरांच्या मागं लागा.

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय.

दुकानदाराला शनिवारी-रविवारी दुपारी दोन-दोन तास येईल म्हणून सांगितलं. तो म्हणाला कळवतो, अजून कळवलं नाही. स्टॉलवाल्याकडं हे पुन्हा गेले, वहीचा फोटो दाखवला. आठशे दिले, बाकीचे संक्रांतीला म्हणाला.

कोंबडी मात्र मिळाली. खालच्या आळीतल्या मावशींनी "ने बाबा, अंगावर येती ती" म्हणून डालग्यासकट दिली. अकरा अंडी ठेवलीत. पोरानं प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख टाकलीय. सासूबाई दिवसातून चारदा जाऊन बघून येतात, नकार देणाऱ्या त्याच.

काल सात दिवस झाले. रात्री लाईट बंद करून माझ्या मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघितलं. आठ अंड्यांत लाल शिरा जाळ्यासारख्या दिसल्या. तीन अंडी नुसतीच पिवळी, आत काहीच नाही. खुराडं, ती तीन आताच काढावीत का? पोरगं म्हणतंय अजून चार दिवस थांबू.