ड+ तालुक्यात रोजगार वाढला, पण सवलतीमुळेच का?

तालुकादर्शक: महाराष्ट्र सरकारची उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग; अ विकसित, ड+ मागास. मागासाला सवलत जास्त. तिचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

आकडेमोड: ड+ ची तुलना अ शी नकोच. तालुका मागास म्हणूनच त्या वर्गात गेलाय. सीमेलगतचे ड आणि ड+ घ्या, वर्ग ठरण्याआधीची निदान पाच वर्षं तपासा. तेव्हाच दोघांतल्या रोजगाराची चाल वेगळी असेल तर जोडी बाद.

वीजमीटर: आणि ‘उद्यम’ या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदण्या मोजू नका. सवलतीसाठी नोंदणीपत्र लागतं, म्हणून जुनेच कारखाने कागदावर नवे दिसतात. औद्योगिक वीजवापर आणि पीएफमधले कामगार बघा. पीएफ मात्र कधी मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर जमा होतो. पत्ते तपासले नाहीत तर पुणे-मुंबई उगाच फुगतात.

तालुकादर्शक: शेजारचा कारखानाच इकडे हलला तर?

आकडेमोड: इकडे शंभर वाढले, तिकडे शंभर घटले, की फरक दोनशेचा दिसतो आणि राज्यात भर शून्य! म्हणून सीमेपासून लांबच्या, तशाच ड तालुक्यांशीही तुलना करा. तिथे परिणाम बराच कमी निघाला तर स्थलांतराचा संशय घ्या.