टणटणी काढली, पण पुढच्या फेऱ्यांचं गणित बसेना. मदत हवी आहे

मंडळी, टणटणी (घाणेरी, म्हणजे लँटाना हे माजणारं परदेशी झुडूप) काढायचं काम अंगावर घेतलंय. पहिल्या फेरीत कोयत्याने वरवर छाटली, तिथेच चुकलं; पावसानंतर एकेका खुंटाला डझनभर धुमारे! आता जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडतो आणि झुडूप उलटं करून ठेवतो, म्हणजे परत रुजत नाही. पण पक्षी बसतात त्या झाडांखाली बियांतून आलेल्या रोपांची नुसती दाटी. मजुरीचे बहुतेक पैसे पहिल्याच फेरीत संपले (अंदाजपत्रक करताना पुढच्या फेऱ्या कुणाला आठवतात?).

नवा पट्टा हाती घ्यावा की साफ केलेलाच राखावा? एकूण मनुष्यदिवसांतले किती पाठपुराव्याला ठेवता? मोकळ्या जागेत स्थानिक गवत लगेच पेरता का? नोंदींचा तक्ता वापरत असाल तर नमुना टाका.