भिंतीवर एकटीने टेनिसची प्रॅक्टिस - स्ट्रोक सुधारतात की बिघडतात? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इथे कोणी टेनिस खेळणारे किंवा शिकवणारे असतील तर मार्गदर्शन हवंय. थोडं लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही म्हणून सगळं लिहितेय.

वय ४१, पुण्यात राहते. २०२३ च्या जानेवारीत बालेवाडीला एटीपीची (पुरुष व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा बघायला गेले होते, तेव्हापासून हे शिकायचंच असं डोक्यात बसलं आणि गेल्या वर्षी शेवटी शनिवार-रविवारची बॅच लावली. सर चांगले आहेत पण एका कोर्टवर आठ जण, त्यामुळे स्वतःच्या वाट्याला बॉल येतात थोडे आणि रांगेत उभं राहणंच जास्त. मधल्या पाच दिवसांत पार्टनर मिळत नाही, आणि कोर्ट बुक करून एकटीने करायचं काय हाही प्रश्न, म्हणून सोसायटीच्या मागे जनरेटर रूमची भिंत आहे तिथे मारायला लागले. भिंत सिमेंट प्लास्टरची, सपाट, खिडकी नाही, समोर पेव्हर ब्लॉक आणि पार्किंगच्या पहिल्या खांबापर्यंत साधारण २५-३० फूट मोकळी जागा. नेट मध्यभागी ३ फूट असतं म्हणून भिंतीवर ३ फुटांवर खडूने आडवी रेघ मारली आहे.

आता अडचण अशी की भिंतीवर रॅली बऱ्यापैकी चालते पण स्ट्रोक स्ट्रोकसारखा राहतच नाही. फोरहँडला रॅकेट मागे नेते न नेते तोच बॉल समोर, मग कोपर बरगडीला चिकटतं आणि मी बॉल नुसता पुढे ढकलते, फॉलो थ्रू, म्हणजे बॉल मारल्यानंतर रॅकेट पुढे जाते ते, खांद्यापर्यंत जायच्या ऐवजी पोटासमोरच संपतो. बॅकहँड दोन हातांचा आहे, त्यात डावा हात काहीच करत नाही असं मोबाईलवर व्हिडिओ काढल्यावर दिसलं. आणि शनिवारी कोर्टवर गेले की बरोबर उलटं, सर हातानं सावकाश बॉल देतात तेव्हा मी फार आधी फिरवते आणि बॉल नेटमध्ये, दर वेळी नेटमध्ये! सर म्हणतात भिंत बंद करा, हात बिघडतोय. बॅचमधले एक काका, जे तरुणपणापासून खेळतात, ते म्हणतात आमचा सगळा खेळ भिंतीवरच बसला, अजिबात सोडू नका. दोघांवरही माझा विश्वास आहे त्यामुळे जास्तच गोंधळ होतोय.

अजून एक, टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी) मारायचा प्रयत्न केला की भिंतीवरून बॉल वर उडून तरंगत येतो आणि टप्पा पडल्यावर पुढे सरकतच नाही. स्लाइस (खालून कापून उलटी फिरकी) मारला तर सरळ खाली घसरून पायाशी. माझं काही चुकतंय की भिंतीचं हे असंच असतं?

शिवाय उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला हल्ली दुखतं. चहाचं पातेलं उचलताना जास्त कळतं. आणि तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने आवाजाची तक्रार केली आहे, त्यांचंही बरोबर आहे, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.

मला स्पर्धा वगैरे खेळायच्या नाहीत. पण समोरच्याने दिलेला बॉल पूर्ण स्ट्रोकने, छान लांब परत टाकता यावा एवढं मनापासून हवंय आणि त्यासाठी रोज अर्धा तास द्यायची तयारी आहे. भिंत ठेवू का सोडू?

---

जुना_बेसलाईनर

भिंत सोडू नका. पण जे करताय ते आजपासून बदला.

तुमचे सर चूक नाहीत आणि काकाही नाहीत. हिशोब बघा, कोर्टची लांबी ७८ फूट, म्हणजे तुमचा बॉल समोरच्याच्या बेसलाईनपर्यंत (कोर्टच्या मागच्या रेघेपर्यंत) जवळपास तेवढा जातो आणि त्याने मारलेला तेवढाच प्रवास करून परत येतो, वर त्याने तुमचा बॉल घेऊन मारायलाही वेळ जातो. तुमच्या भिंतीपासून २५ फुटांवर उभं राहिलं तर जाऊन येऊन ५०, आणि भिंत बॉल लगेच परत पाठवते. म्हणजे मिळणारा वेळ कोर्टच्या अर्ध्याहूनही कमी. एवढ्या वेळात पूर्ण स्ट्रोक कोणाचाच बसणार नाही, मग शरीर आपोआप आखूड रस्ता शोधतं आणि तोच रोज घोटला जातो. सर ज्याला हात बिघडणं म्हणतात ते हे.

उपाय सोपा आहे पण मनाला पटायला वेळ लागतो: बॉलचे दोन टप्पे पडू द्या. व्हीलचेअर टेनिसमध्ये तर दोन टप्प्यांचा नियमच आहे, त्यात कमीपणा काही नाही. जागा आहे तेवढी मागे जा, खांबाजवळ उभ्या राहा, हळू आणि उंच मारा, पहिला टप्पा जाऊ द्या, दुसऱ्यानंतर घ्या. आता तुम्हाला खांदा वळवायला वेळ मिळेल. बॉल भिंतीला लागल्याचा आवाज आला की छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, आणि बॉल कोणत्या बाजूला येतोय कळलं की लगेच दोन्ही खांदे वळलेले हवेत. बॉल टप्प्यापाशी पोचल्यावर मग रॅकेट मागे न्यायची नाही, ती आधीच मागे असायला हवी.

आणि सुरुवातीचे काही आठवडे रॅलीच करू नका. एक बॉल हातातून टाका, मारा, फॉलो थ्रूच्या शेवटी तसेच थांबा. रॅकेट डाव्या खांद्यावर आली का, वजन पुढच्या पायावर आहे का, पोट भिंतीकडे वळलंय का बघा. परत आलेला बॉल हाताने पकडा आणि पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण स्ट्रोक याच्यातच बसतो. काकांच्या पिढीने भिंतीवर हेच केलं, फक्त त्याला ड्रिल म्हणत नव्हते. बियॉन बोर्ग लहानपणी स्वीडनमध्ये सोडेरटेलियाला गॅरेजवर तासन्तास बॉल मारायचा, पुढे १९७६ ते १९८० सलग पाच विम्बल्डन. म्हणजे भिंतीने हात बिघडतोच असं काही नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या नेटमध्ये जाणाऱ्या बॉलचं कारण हेच आहे: ती ३ फुटांची रेघ. भिंतीवर रेघेच्या जरा वर लागला की आपल्याला वाटतं छान गेला. कोर्टवर तोच बॉल नेटला घासून सर्व्हिस लाईनच्या (नेट आणि बेसलाईनच्या मधल्या रेघेच्या) आसपास पडतो, आणि थोडा जरी कमी लागला तर नेटमध्येच. बॉल लांब पडायला हवा असेल तर तो नेटच्या बऱ्याच वरून जावा लागतो. दुसरी रेघ ६ फुटांवर मारा आणि त्याच्या आसपास लागायला हवा असं ठरवा. जुनी रेघ पुसलीत तरी चालेल.

---

फिरकी_आणि_टप्पा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त टॉपस्पिनच्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमचं काहीही चुकत नाहीये, उलट टॉपस्पिन बसतोय याची ती खूण आहे.

टॉपस्पिनमध्ये बॉलची पुढची बाजू खाली फिरत असते. ती भिंतीला घासली की भिंत बॉलला वर ढकलते, म्हणून तो उडतो. फिरणं बरंचसं त्याच दिशेने चालू राहतं पण बॉलची दिशा उलटी झाली ना, त्यामुळे तुमच्याकडे येताना तो स्लाइससारखा वागतो, तरंगतो आणि टप्प्यावर जागच्या जागी उठतो. स्लाइसचं बरोबर उलटं, तो भिंतीवरून खाली दबतो आणि टप्पा पडला की पुढे सुटतो. यातून एक लक्षात घ्या, माणसाचा टॉपस्पिन टप्प्यानंतर अंगावर येतो, भिंतीचा येत नाही. त्यामुळे उंच उसळलेला बॉल घ्यायची सवय भिंतीवर होणार नाही, त्यासाठी माणूसच लागेल. शनिवारी सरांना सांगून तेवढाच सराव मागून घ्या.

भिंतीवर व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच बॉल मारणं) मात्र जरूर करा. ८-१० फुटांवर, कॉन्टिनेन्टल ग्रिप (हातोडी धरल्यासारखी पकड), रॅकेट मागे न नेता. तिथे वेळ कमी असणं फायद्याचंच आहे.

---

अंगण

कोपराबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण न तपासता निदान करत नाही, तेव्हा हे फक्त सर्वसाधारण समजा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखणं आणि पातेलं, बादली, पिशवी उचलताना वाढणं हे टेनिस एल्बोसारखं वाटतंय. मनगट मागे उचलणारे स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात तिथे ताण येतो. भिंतीवर मिनिटाला जितके फटके बसतात तितके कोर्टवर कधीच बसत नाहीत, त्यातून बॉल उशिरा घेतला, मूठ गच्च आवळली की सगळा धक्का तिथेच जातो. दुखतंय तोवर भिंतीवरचं मारणं थांबवा आणि एकदा दाखवून घ्या, अंगावर काढू नका. हे दुखणं जुनं झालं की महिनोन्महिने पुरतं.

रॅकेटचं गटिंग (जाळीची तार) कोणतं आहे? पॉलिएस्टर असेल तर बदला. मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) घ्या आणि तारेचं टेन्शन दोन-तीन पाऊंड कमी करून घ्या. ग्रिप फार बारीक असेल तर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवा.

---

(धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं नीट समजावून कोणी सांगितलं नव्हतं! ६ फुटांच्या रेघेचं वाचलं आणि लगेच खाली जाऊन मारून आले, म्हणजे रेघ मारून आले, बॉल नाही :) फिजिओची वेळ उद्याची घेतली आहे. गटिंग दुकानातून आलं तेच आहे, बहुतेक पॉलिएस्टर, विचारून घेते. एक शंका, बॉल कोणता वापरू? माझ्याकडे बॅचमधले जुने बॉल आहेत, काही अगदी बसलेले. आणि आवाजाचं?

---

जुना_बेसलाईनर

दोन्हीचं उत्तर एकच. ऑरेंज बॉल घ्या. लहान मुलांना शिकवायला वापरतात ते, अर्धे केशरी असतात, नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण ५० टक्के हळू आणि उसळी कमी. मुलांचे म्हणून लाजू नका, मोठ्या नवशिक्यांनाही त्यांनीच सुरुवात करून देतात. हात मोकळा सुटतो आणि भिंतीवर आवाजही बराच कमी येतो. त्याहून हळू हवा असेल तर रेडमध्ये स्पंजचा मिळतो, त्याचा आवाज जवळपास येतच नाही, पण २५ फुटांवरून तो परत पोचणार नाही, जवळून मारावा लागेल. पूर्ण स्ट्रोक ऑरेंजवर बसला की ग्रीन (त्याहून थोडा वेगवान), मग नेहमीचा. बसलेले जुने बॉल सर्व्हिसचा टॉस पक्का करायला ठेवा, तो घरातल्या हॉलमध्येही होतो.

तळमजल्यावाल्यांना स्वतः जाऊन भेटा आणि वेळ त्यांनाच विचारा. आमच्याकडे संध्याकाळी ५ ते ६ ठरलं तेव्हापासून कुरबुर नाही, दुपारी लोक झोपतात आणि सकाळी मुलांच्या शाळेची गडबड असते.

---

फिरकी_आणि_टप्पा

अवांतर: पेव्हर ब्लॉकच्या फटींवर टप्पा पडला की बॉल कुठेही वळतो, तेव्हा चुकला तर स्वतःला दोष देऊ नका. आणि पावसाळ्यात तिथे शेवाळं धरतं, जूनच्या आधी सोसायटीला सांगून एकदा घासून घ्या. ओल्या जमिनीवर भिजलेला बॉल जड होतो, कोपर बरं झाल्यावरही तसा मारू नका.