रविवारच्या सहलीत मिरज का नाही?

कुलकर्णी काकू (ए-२०१): नवीन यादी पाहिली. मिरजेचा दर्गा त्यातून कोणी आणि कोणाला विचारून काढला? गेल्या वेळीही "वेळ नाही" म्हणून गाडी मिरजेतून तशीच पुढे नेली होती.

सेक्रेटरी: काकू, गैरसमज नको. खिद्रापूर, नरसोबाची वाडी, बाहुबली एवढं एका दिवसात उरकायचंय.

खजिनदार: माणशी ६०० रुपये आजच भरावेत. 🙏

कुलकर्णी काकू (ए-२०१): उरकायचं असेल तर जाताच कशाला? मिरज आपल्याला लांब आहे का? माझे वडील दरवर्षी उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला जायचे, चिंचेखाली चटई टाकून, पहाटेपर्यंत. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथेच आहे. आपली मुलं तंबोरा शिकतात, तो मिरजेतच बनतो. सतारमेकरांची दुकानं दर्ग्याच्या जवळच आहेत. तेवढं तरी दाखवाल की नाही?

शेख भाई (बी-१०३): काकू, राहू द्या. माझ्यामुळे वाद नको.

कुलकर्णी काकू (ए-२०१): तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे. गणपतीत मंडपाचे बांबू तुम्ही धरता तेव्हा कोणी वेळ मोजतं का?

बी-४०३: मंडपावरून आठवलं, ते बांबू अजून माझ्या पार्किंगमध्ये पडलेत. कोण उचलणार?

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये घेऊ.

बी-४०३: मार्चपासून मीटिंगमध्येच आहे. 😀

खजिनदार: माणशी ६०० रुपये आजच भरावेत. 🙏

मगदूम काका (सी-३०२): माझी एक विनंती. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मागच्या सहलीत आई उपाशी घरी आली, कोणी विचारलंही नाही. बाहुबलीला निवांत थांबा. २८ फुटांची मूर्ती बघून, फोटो काढून लगेच पळायची जागा नाही ती. अंगावर वेली चढल्या तरी भगवान बाहुबली उभे राहिले, ते का, हे मुलांना मी सांगेन.

कुलकर्णी काकू (ए-२०१): मगदूम, मागच्या वेळचं चुकलंच आमचं. आईंना नमस्कार सांगा.

जोशी (ए-४०४): दर्ग्यात आमच्या सासूबाईंना चालेल का, ते आधी विचारलं पाहिजे.

शेख भाई (बी-१०३): वहिनी, डोक्यावर पदर घेतला की झालं. तिथे उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो. कोणाला "चालेल का" विचारायची ती जागाच नाही.

जोशी (ए-४०४): बरं. विचारते.

(दोन तास कोणी काही लिहिलं नाही.)

देसाई सर (बी-२०२): खिद्रापुरात कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि वर छत नाही. गाभाऱ्यात शिवलिंग, पण समोर नंदी नाही. मुलांना तो शोधायला लावा. जवळच जैन मंदिरही आहे, ते चुकवू नका.

बी-४०३: नंदी नाही, बांबू मात्र आहेत. 😀

सेक्रेटरी: ठरलं. साडेसहाला गाडी. आधी मिरज, मग खिद्रापूर, दुपारच्या महापूजेला वाडी, मग बाहुबली. जेवण सूर्यास्ताआधी. सगळ्यांनी मोजे आणा, फरशी तापते.

शेख भाई (बी-१०३): मिरजेत सगळ्यांचा चहा माझ्याकडून.

जोशी (ए-४०४): सासूबाई येतायत. त्यांना खिडकीची जागा हवी.

खजिनदार: माणशी ६०० रुपये आजच भरावेत. बी-४०३, तुमचेच राहिलेत. 🙏