मदत हवी आहे: मे महिन्यात बॉल पायथनची अंडी थंड कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

सगळे विचारतात इन्क्युबेटर गरम कसं ठेवायचं. माझी बोंब उलटी आहे.

राहतो मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. माझ्या बॉल पायथनच्या (अजगराची परदेशी, पाळीव जात) मादीने ३ एप्रिलच्या पहाटे सात अंडी घातली. एक पिवळं, आक्रसलेलं निघालं, ते टाकलं. उरलेली सहा एकमेकांना चिकटलेली होती, तशीच गठ्ठ्याने उचलली. अंडं फिरलं की आतलं पिल्लू दगावू शकतं, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने फुल्या मारल्या. मोबाइलचा टॉर्च लावल्यावर पाच अंड्यांत लाल शिरांचं जाळं स्वच्छ दिसलं. सहाव्याची शंका आहे.

जुगाड असा: कोळणीकडून मागून आणलेला मासळीचा थर्माकोलचा खोका (तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, तरी बोंबलाचा वास येतोच). तळाला पाणी, पाण्यात फिशटँकचा हीटर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा). विटांवर झाकणाचा डबा, त्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज) आणि तेवढ्याच वजनाचं पाणी. सेटिंग ३१.५ अंश, तापमान मोजणारा प्रोब अंड्यांशेजारी.

एप्रिल निभावला. आता दुपारी स्लॅब तापतो आणि दोन ते पाच खोलीच ३४ च्या घरात जाते. हीटर बंद असूनही डब्यात काल ३३.८ होतं. मंगळवारी दीड तास लाइट गेली, पंखाही बंद, तेव्हा तर बघवलंच नाही. वाचलेली सगळी माहिती थंड देशांतली, त्यात तापवायचं कसं तेवढंच लिहिलेलं. जास्त उष्णतेने पिल्लांच्या मणक्यात वाक येतो म्हणतात, म्हणून झोप उडालीय. बर्फाची बाटली ठेवू का?

दुसरं, आज ३४वा दिवस आणि कडेच्या दोन अंड्यांना वरून खळगा पडलाय, पिंगपाँगचा बॉल अंगठ्याने दाबावा तसा. इतक्या लवकर?

कायद्याची चर्चा सुरू व्हायच्या आधीच सांगतो: ही पश्चिम आफ्रिकेतली जात. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. जोडीची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर आहे, पिल्लांचीही करणार.

प्रतिसाद १
अंडी आईपाशीच का नाही ठेवली? अजगरीण वेटोळं घालून अंग थरथरवते आणि ऊब देते ना?

प्रतिसाद २
ते आपल्या अजगराचं. बॉल पायथन नुसतं वेटोळं घालून बसते, आणि ३४ च्या खोलीत तीही काय करणार.

धागाकर्ते, बर्फ नको. तापमान झोपाळ्यासारखं वरखाली होईल. खोका एसीच्या खोलीत हलवा, एसी २६ वर. हीटर फक्त तापवू शकतो, त्यामुळे भोवतालची हवा सेटिंगपेक्षा गार हवी, तरच थर्मोस्टॅटला काही काम उरतं. सेटिंग ३१ करा. नेताना खोका आडवातिडवा करू नका. लाइट गेली तरी थर्माकोल आणि तळाचं पाणी तासदीड तास सांभाळतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत खळगे पडतातच. ३४व्या दिवशी म्हणजे कोरडं पडतंय. झाकणाच्या आत दव दिसतंय का? नसेल तर कोमट पाणी व्हर्मिक्युलाइटमध्ये कडेने सोडा, अंड्यांवर थेंबही नको. शंकेच्या अंड्याला बुरशी आली तरी ओढून काढू नका, शेजारचं फाटेल. आणि ५५ ते ६० दिवस लागतात, उतावळेपणाने कात्री लावू नका. पिल्लू स्वतः चीर पाडतं आणि मग दिवसदोन दिवस डोकं बाहेर काढून नुसतं बसतं.

धागाकर्ता
झाकण कोरडं ठणठणीत होतं. दर आठवड्याला बघायला उघडत होतो, तीच चूक. पाणी सोडलं, तीन दिवसांत एक खळगा बराच भरून आलाय.

घरात एसी एकच, आई-बाबांच्या खोलीत. बाबांना बिलाची काळजी. आईची अट अशी की झाकणावर चिकटपट्टी आणि वर पोळपाट. दोन्ही मान्य केलं, हवेला कोपऱ्यात फट ठेवली.

काल दुपारी तीन वाजता ऑफिसात आईचा फोन आला. मला वाटलं, आता खोका जिन्यात. तर म्हणाली, "तुझं ते घड्याळ एकतीस पॉइंट दोन दाखवतंय, बरोबर आहे ना रे?"