दालमिलचा स्क्रू कन्व्हेअर: पात्यांच्या चकत्या किती मापाच्या कापायच्या?

प्रश्न (कळमना_मिल): तूर न्यायला 6 मीटरचा आडवा स्क्रू (पाइपवर गुंडाळलेलं पातं फिरून माल पुढे ढकलतं तो) बनवायचा आहे. पाइप 60 मिमी, पात्याचा बाहेरचा व्यास 200, पिच (एका वेढ्यात पातं पुढे सरकतं ते अंतर) 200, पत्रा 3 मिमी. 200 ची चकती, मध्ये 60 चं भोक, अशी कापून ओढली तर ती पाइपवर आवळते आणि व्यासही कमी भरतो. माप कसं काढायचं?

हिंगणा_फॅब्रिकेशन: आवळणारच. एका वेढ्यात आतली कड फक्त 60 च्या परिघाएवढी (188) पुरत नाही, तिरकी जाते म्हणून जास्त लागते. परिघाचा वर्ग अधिक पिचचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. आतली कड 275 मिमी, बाहेरची 659. पात्याची रुंदी 70.
चकतीची आतली त्रिज्या = 70 × 275 ÷ (659 − 275) = 50. म्हणजे भोक 100, बाहेरचा व्यास 240. एका वेढ्याला 315 अंशच लागतात, उरलेली 45 अंशांची फाक कापून टाका.

पाती_पिच: भाऊ, फाक कशाला कापता? एकच चीर द्या. पूर्ण चकतीत साधारण 1.14 वेढे निघतात, 6 मीटरच्या 30 वेढ्यांना 30 ऐवजी 27 चकत्यांत काम होतं. सांधे एका रेषेत येत नाहीत, हा वेगळा फायदा. भोक मात्र 102 ठेवा, नाहीतर पाइपवर सरकणार नाही.
चकत्या एकमेकींना जोडून पाइपवर चढवा, एक टोक टॅक करा (वेल्डिंगचा छोटा ठिपका द्या), दुसरं चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) ओढा. सोडल्यावर पत्रा मागे येतो, म्हणून पिचपेक्षा थोडं जास्त ओढावं लागतं. वेल्डिंग एका टोकाकडून सलग केलं की पाइप वाकतो. आलटून पालटून दोन्ही टोकांकडून करा. ढकलणाऱ्या बाजूचे सांधे ग्राइंडरने साफ करा, तिथे दाणा अडकतो.

कळमना_मिल: उजवा की डावा वेढा?

पाती_पिच: उजव्या वेढ्याचा (साध्या बोल्टच्या आट्यांसारखा) स्क्रू तुमच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरला, तर माल तुमच्याकडे येतो. मोटर कुठे बसवणार ते आधी ठरवा, मग ओढा. जंगलातली मुरुडशेंग दोन्हीकडे पिळलेली चालते, स्क्रू नाही.

हिंगणा_फॅब्रिकेशन: फाकेचं मान्य. 6 मीटरला मध्ये एक हँगर बेअरिंग (वरून टांगलेला, पाइपला आधार देणारा बेअरिंग) द्या, तिथे पातं तोडावं लागेल. पातं आणि ट्रफमध्ये (स्क्रू ज्यात फिरतो त्या पन्हळीत) 10-12 मिमी जागा ठेवा. ती दाण्याच्या जाडीएवढी झाली की तूर चेंगरून फुटते. 60 आरपीएम आणि 30 टक्के भरणा धरला तर तासाला साधारण 5 टन जाईल. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर वेग वाढवू नका, व्यास वाढवा.