प्रोलॉग उत्तरच देईना, तरी प्रोग्राम बरोबर कसा?

गंगाकाठ, परभणी
एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला प्रोलॉगमध्ये (विधानं आणि नियम लिहून प्रश्न विचारायची संगणकभाषा) गोदावरी घेतलीय. (चल, म्हणजे ज्याच्या जागी कुठलंही गाव बसेल ते, प्रोलॉगमध्ये कॅपिटलनं सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून चलाला आधी _ लावायलोय. ‘:-’ म्हणजे ‘जर’.)

वाहते(नाशिक, पैठण).
वाहते(पैठण, गंगाखेड).
वाहते(गंगाखेड, नांदेड).
पोहोचते(_क, _ख) :- पोहोचते(_क, _ग), वाहते(_ग, _ख).
पोहोचते(_क, _ख) :- वाहते(_क, _ख).

पोहोचते(नाशिक, नांदेड) विचारलं की स्टॅक (अर्धवट कामं लक्षात ठेवायची जागा) भरतो. सर म्हणतात, अर्थ बरोबर आहे. उत्तरच येईना तर अर्थ कसला?

नांदेडचा मास्तर
सर बरोबर बोलायलेत. अर्थ वेगळा, पळवणं वेगळं. व्हॅन एम्डेन आणि कोवाल्स्की या संगणकशास्त्रज्ञांनी 1976 साली हे नीट मांडून ठेवलंय. कागद घ्या, रिकाम्या संचापासून निघा, दर फेरीत हाती आहे त्यावर सगळे नियम लावून निघेल ते जोडा. पहिल्या फेरीत तीन ‘वाहते’. दुसरीत तीन ‘पोहोचते’. तिसरीत नाशिक-गंगाखेड, पैठण-नांदेड. चौथीत नाशिक-नांदेड. पाचवीत नवं काहीच नाही, थांबा. ही नऊ विधानं म्हणजे सर्वांत लहान स्थिरबिंदू (नियम पुन्हा लावले तरी न बदलणारा संच), तोच प्रोग्रामचा अर्थ. नियम खालीवर करा, नवाची दहा होणार नाहीत.
प्रोलॉग उलटं, प्रश्नाकडून निघतं. नियम वरून खाली, ध्येयं (‘:-’नंतरच्या अटी) डावीकडून. तुमच्या पहिल्या नियमाचं पहिलंच ध्येय पुन्हा ‘पोहोचते’. मग काय, नदी नाशकातून हलेचना.

गंगाकाठ, परभणी
पळवायच्या आधी हे कळत नाही का?

नांदेडचा मास्तर
प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक? नाही, थांबण्याचा प्रश्न अनिर्णेय आहे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना चालेल अशी रीतच नाही. पण एकाच बाजूला चुकणारा अंदाज बांधता येतो (‘हो’ म्हटलं तर खरंच हो, नाहीतर ‘माहीत नाही’). ही पॅट्रिक आणि राधिया कूझो या संगणकशास्त्रज्ञांची 1977 ची मांडणी. गावांची नावं सोडा. एवढंच विचारा, उत्तर आल्यावर कंसातल्या दोन्ही जागा भरलेल्या असतात का? ‘वाहते’ दोन्ही भरतं, म्हणून शेवटचा नियमही भरतो. पहिल्या नियमात _क ‘पोहोचते’तून भरतो, _ख ‘वाहते’तून. तिसऱ्या फेरीत नवं काही नाही. वरचीच फेऱ्यांची रीत, फक्त संच बारका. सिआओ प्रोलॉग या प्रोलॉगच्या एका प्रकाराचं सिआओपीपी हे तपासणीचं साधन असलंच काम करतं.
हमी एवढीच की उत्तर आलं तर त्यात मोकळं चल नसेल. उत्तर येईलच, हे त्या अंदाजानं कुठं म्हटलंय?

लातूरकर
एवढं कशाला, नियमांची अदलाबदल करा की. लगेच ‘हो’ येतं.

नांदेडचा मास्तर
येतं. आता पोहोचते(नांदेड, नाशिक) विचारून बघा, पुन्हा स्टॅक भरेल. एसडब्ल्यूआय प्रोलॉग या दुसऱ्या प्रकारात ‘पोहोचते’ला टेबलिंग (आलेली उत्तरं साठवून तोच प्रश्न पुन्हा न सोडवणं) लावा, मग सरळ ‘नाही’ मिळेल, नियम कुठल्याही क्रमानं असू द्या.